सहा वेळा कात्री: तांदळाच्या आकड्याच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार, फोंडा

आजपासून ही वही. मुळात खतावणी होती. नोकरी सुटली तेव्हा मागची ऐंशी पानं कोरी राहिली होती, ती आता कामाला येतील.

नातू सातवीत. चतुर्थीची सुट्टी संपली की शाळेत गणिताचं प्रदर्शन आहे. त्याने बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट निवडली आहे: पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. बाईंनी अट घातली की एकूण दाणे अचूक सांगायचे, ‘सुमारे’ चालणार नाही.

कॅल्क्युलेटर म्हणतो १.८४४६७४४०७ गुणिले १० चा १९ वा घात. म्हणजे सुमारेच. संगणकावरच्या तक्त्यात १८४४६७४४०७३७०९६००००० असं आलं. नातवाने विचारलं, “आजोबा, शेवटी पाच शून्यं कशी?” बरोबर विचारलं. पहिल्या घरात एकच दाणा, बाकी त्रेसष्ट घरांत सम दाणे. बेरीज विषमच यायला हवी, शेवटी शून्य येणारच नाही. तक्ता पंधरा आकडे सांभाळतो आणि पुढे शून्यं भरतो. आमच्या वेळी कोणी असं केलं असतं तर त्याला किर्दीला हात लावू दिला नसता.

५ ऑगस्ट

हातानेच करायचं ठरवलं. चौसष्ट ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीची दुप्पट. सकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर बसलो ते जेवणापर्यंत. चौसष्टाव्या घरात ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे.

बेरीज वेगळी करावी लागत नाही हे नातवाच्या लगेच लक्षात आलं. १ आणि २ मिळून ३, चारला एक कमी. त्यात ४ घातले की ७, आठला एक कमी. पुढचं घर वजा एक, एवढंच. म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १. शेवटची दुप्पट करून एक वजा केला आणि आकडा चांगल्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवला.

नवाचा ताळाही घेतला, म्हणजे नवाने भागल्यावरची बाकी दोन वाटांनी काढून बघितली. अंकांची बेरीज ८७, तिची १५, तिची ६. दुसऱ्या बाजूने, दोनाचे घात नवाने भागले तर बाक्या १, २, ४, ८, ७, ५ अशा फिरतात. चौसष्टावा घात ७ वर येतो, वजा एक, ६. ताळा जुळला. झोपलो.

७ ऑगस्ट

ताळा जुळूनही आकडा चुकलेला निघाला.

नात अकरावीत, विज्ञान शाखेत. तिने तिच्या संगणकावर आकडे न तोडणारी पद्धत वापरून तेच काढलं. तिचा आकडा १८४४६७४४०७३७०९५५१६१५, पुठ्ठ्यावर १८४४६७४४०७३७९०५५१६१५. फरक ८,१०,००,०००. तो बघताच कळलं. फरकाला नवाने भाग गेला की दोन आकडे उलटसुलट लिहिलेत असं समजायचं, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. ‘०९’ च्या जागी ‘९०’ उतरवलं होतं. वहीत बरोबर होतं, पुठ्ठ्यावर चुकलं.

नवाचा ताळा इथे आंधळा आहे. आकड्यांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. अकराचा ताळा मात्र पकडतो. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. बरोबर आकड्याचे येतात ३७, अकराने भागून बाकी ४. चुकलेल्याचे १९, बाकी ८. दोनाचा दहावा घात १०२४, त्याला अकराने भागून बाकी १; म्हणून चौसष्टावा घात चौथ्याइतकाच, १६, बाकी ५. वजा एक, ४. इतकी वर्षं नवावर भागवलं, अकराचा कधी वापरला नाही. पुठ्ठा नवा आणला.

११ ऑगस्ट

हा आकडा वाचायचा कसा? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अठरा स्थानांची नावं आहेत: एक, दश, शत यांपासून अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपला आकडा वीस अंकी, दोन स्थानं जास्त. म्हणून “१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म” असं वाचलं. निखर्वाच्या जागी शून्य. नातवाला ‘जलधी’ फार आवडला.

मग वजन. हजार उकडे दाणे मोजायला दोघांना पाऊण तास लागला. सोनाराच्या काट्यावर २२ ग्रॅम भरले. लिटरच्या मापात ८०० ग्रॅम मावतात. यावरून सगळे दाणे ४०,५८० कोटी टन. जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन तांदूळ पिकतो, म्हणजे आठशे वर्षांचं पीक. गोव्याच्या ३७०२ चौरस किलोमीटरवर सारखे पसरले तर थर १३७ मीटर. मंगेशीची सात मजली दीपमाळ तळाशी कुठेतरी.

हिने विचारलं, “त्या हजार दाण्यांचं आता काय करायचं?” पेजेत गेले.

१३ ऑगस्ट

थोडं वाकडं वळण. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या सांगितल्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो त्या. आपली बेरीज ८७, म्हणजे ३ गुणिले २९. तीनाने भाग जातो, एकोणतीसाने जात नाही. आकडा हर्षद नाही. नातू थोडा हिरमुसला. मीच त्याला आशा लावली होती.

पण त्यातून प्रश्न निघाला: याला भाग जातो तरी कशाकशाने? वीस अंकी आकड्याचे अवयव हाताने काढायला आयुष्य पुरणार नाही, असं मी म्हणालो. तेव्हा तसंच वाटत होतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून नातू घरी आला. तिस्कावरच्या दुकानदाराकडून बिलाच्या यंत्रातला कागदी रोल आणला होता. पट मांडायला जागा पुरेना म्हणून चौसष्ट घरं एका लांब पट्टीवर, एक सेंटीमीटरला एक.

पट्टी मधोमध दुमडून बघूया म्हटलं. दुमडल्यावर ३३ वं घर ३२ व्यावर आलं आणि ६४ वं पहिल्यावर. त्यातून काही सुचेना. मग नातवाने सरळ कात्री लावली आणि दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या खाली ठेवला. १ च्या खाली ३३, २ च्या खाली ३४. इथे मी ताठ झालो.

३३ व्या घरात पहिल्याच्या किती पट? बत्तीस वेळा दुप्पट, म्हणजे ४२९४९६७२९६ पट. ३४ व्यात दुसऱ्याच्या? तितकेच पट. सगळ्या घरांना एकच पट. म्हणजे खालची पट्टी ही वरच्या पट्टीची ४२९४९६७२९६ पट, आणि दोन्ही मिळून वरच्या पट्टीची ४२९४९६७२९७ पट. एका कापात एक अवयव हातात!

उरलेल्या ३२ घरांच्या पट्टीला पुन्हा कात्री: ६५५३७. मग १६ घरं कापून २५७. मग १७, मग ५, मग दोन घरांची पट्टी कापून ३. शेवटी हातात एक घर आणि एक दाणा. सहा काप झाले:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

गुणून बघितलं, दोन्ही ताळे घेतले, जुळलं. नात म्हणाली, “हे तर वर्गांच्या फरकाचं सूत्र आहे.” असेल. मी ते सूत्र शाळेत पाठ केलं होतं, पण असं कागद कापताना दिसलं नव्हतं.

तेरा तारखेच्या नोंदीतलं ‘आयुष्य’ मागे घेतो. एक दुपार पुरली.

१८ ऑगस्ट

या सहा आकड्यांना नाव आहे: फर्मा संख्या. फ्रान्सचा गणिती फर्मा सतराव्या शतकात म्हणत होता की अशा घडणीचे सगळे आकडे मूळ असतात, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ३, ५, १७, २५७ सरळ आहेत. ६५५३७ साठी नातीने युक्ती सांगितली: त्याचा कुठलाही मूळ अवयव ३२ च्या पटीत एक मिळवून येणाराच असतो. वर्गमूळ २५६, तोवर असे मूळ आकडे दोनच, ९७ आणि १९३. बाक्या ६२ आणि ११०. ६५५३७ मूळ.

शेवटचा दहा आकडी मात्र मूळ नाही. १७३२ साली ऑयलर या गणित्याने तो फोडला. कशाने, ते नातीला माहीत आहे. नातवाने कानांवर हात ठेवले.

रात्री वीज गेली, म्हणून पुढचं उद्या.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. नारळीभात खाल्ल्यावर नातीने युक्तीचं कारण समजावलं, आणि ते पट्टीवरच दिसतं. समजा त्या दहा आकडी संख्येला एका मूळ आकड्याने भाग जातो. पट्टीवर दाण्यांऐवजी त्या आकड्याने भागून उरलेल्या बाक्या लिहा. ३३ व्या घरात ‘एक कमी पूर्ण’ येईल, कारण त्यात एक मिळवला की भाग जातो. मग ६५ व्या घरात पुन्हा १. चक्र बरोबर ६४ घरांचं. फर्माच्याच दुसऱ्या एका नियमाने या चक्राची लांबी ‘मूळ आकडा वजा एक’ला भागते. म्हणून उमेदवार ६४ च्या पटीत एक मिळवूनच: ६५, १२९, १९३, २५७, ... यांतले मूळ तेवढे घ्यायचे.

नातवाला चक्राचा भाग कळला, नियमाचा नाही. मलाही नियम अर्धाच कळला. चालवून घेतला.

२४ ऑगस्ट

उमेदवार १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. मी लांब भागाकाराला बसलो. नातवाने पुन्हा पट्टी काढली. त्याची रीत अशी: दुप्पट करा, भाजक ओलांडला की वजा करा, उरलेलं पुढच्या घरात लिहा. सातवीतल्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही.

१९३ ला ३३ व्या घरात १०८. एक मिळवून १०९, भाग जात नाही. (माझ्या लांब भागाकारातही बाकी १०९च आली, पण त्याच्यानंतर वीस मिनिटांनी.) २५७ ला बाकी २. ४४९ ला ३२५. ५७७ ला २८८.

मग ६४१. ही पट्टी पूर्ण उतरवून ठेवतो:

१, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, ३८३, १२५, २५०, ५००, ३५९, ७७, १५४, ३०८, ६१६, ५९१, ५४१, ४४१, २४१, ४८२, ३२३, ५, १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०.

सव्विसाव्या घरात अचानक ५ आले. इतका वेळ आकडे कसेही उड्या मारत होते आणि एकदम हे एवढंसं ५. तिथून पुढे नातू पेन न उचलता लिहीत गेला आणि ३३ व्या घरात ६४० लिहून थांबला. काही बोलला नाही. मग म्हणाला, “एक मिळवला की भरलं.”

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. तीनदा गुणून बघितलं.

हे ५ आलं कुठून तेही आता दिसतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. शेपटी ५ पासून सुरू होऊन सात दुपटींनी ६४० वर पोचते, आणि १२८ म्हणजे सात दुपटीच.

२५ ऑगस्ट

६७००४१७ मूळ आहे का? त्याचा अवयव हा मोठ्या आकड्याचाही अवयव, म्हणून उमेदवार तेच, ६४ च्या पटीत एक. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. पाचशे सत्याहत्तरपर्यंतचे काल बाद झाले. उरले ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. यादी करताना १७२९ आला, रामानुजनांचा. पण तो ७ × १३ × १९, आपल्या कामाचा नाही.

सात भागाकार, सात बाक्या: ४४, १२०, ३३४, ८३२, ६२२, २३२, ९४. शून्य एकही नाही. ६७००४१७ मूळ.

तर आकडा पूर्ण फुटला:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

२९ ऑगस्ट

भाजक किती? सात मूळ अवयव, प्रत्येक घ्यायचा किंवा नाही, म्हणून दोनाचा सातवा घात, १२८. तो दहा आकडी मूळ निघाला असता तर ६४ भाजक झाले असते, पटाच्या घरांइतकेच. नातवाला ते हवं होतं. त्याने तक्त्याचं नावही ठरवलं होतं. ऑयलरने घात केला म्हणतो.

नात मध्यंतरी पणजीला पाट्ट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आली. तिथून दोन गोष्टी आणल्या. एक, अर्ध्या पटाची बेरीज ४२९४९६७२९५. सरळपट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या, बाजूंची संख्या विषम असलेल्या ज्ञात सुसम बहुभुजांत सर्वांत जास्त बाजू याच. गाऊस या गणित्याने १७९६ साली सतरा बाजूंचा बहुभुज शक्य असल्याचं दाखवलं, त्याच तर्काने कापांतले लहान पाच आकडे चालतात, दहा आकडी नाही. दुसरी, दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यातच जन्मले. आम्ही त्यांना इतिहासासाठी ओळखतो, पण मूळचे गणिती. अखेरच्या वर्षांत मूळ संख्यांवरच लिहीत होते, काही वेळा टोपणनावाने. हे मला या वयात कळावं!

१ सप्टेंबर, रविवार

नातवाचा प्रश्न: दोन पट जोडले तर? १२८ घरांची पट्टी. सातवा काप.

पहिला अर्धा म्हणजे आपलाच आकडा. काप देतो दोनाचा चौसष्टावा घात अधिक १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. आपल्या आकड्याहून फक्त दोनाने मोठा. आपला आकडा कागद कापून दुपारभरात फुटला, आणि हा शेजारी? फ्रान्सच्या लांद्रीने १८८० साली तो फोडून दाखवला, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. माझ्याहून थोरला, हे वाचून बरं वाटलं.

लुकास नावाच्या गणित्याने १८७८ साली उमेदवारांची अट आणखी कडक केली. मागच्या आकड्याला ६४ ऐवजी १२८ ची पट, या नव्याला २५६ ची पट, अधिक एक. तेव्हा लक्षात आलं की १९३, ४४९, ५७७, १२१७, १६०१, २११३ यांच्यावर घालवलेला वेळ फुकट गेला. नातू मानायला तयार नाही: “फुकट कसा? बाक्या तर आल्या ना.”

नातवाची पट्टी आता ६५ घरांची लागेल. नातीने आखूड वाट दाखवली: दुप्पट करत बसण्याऐवजी बाकीचा वर्ग करा, प्रत्येक वर्गाला दोनाचा घात दुप्पट होतो. ७६९ साठी: दोनाचा आठवा घात २५६, त्याचा वर्ग करून बाकी १७१, त्याचा वर्ग करून १९, त्याचा वर्ग ३६१. एक मिळवून ३६२. तीन वर्गांत निकाल.

४ सप्टेंबर

माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान यायला लागलं आहे. सुपाऱ्यांचे घड, माट्टुळ्या, कांगलां. टेबल रिकामं करायचा हुकूम झाला, म्हणून पट्ट्या आणि पुठ्ठे कपाटावर.

नव्या आकड्याचं उत्तर मी बघितलं आहे: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. दोन्ही ताळे घेतले, नवाचा ८, अकराचा ६, जुळतात. २७४१७७ म्हणजे २५६ गुणिले १०७१, अधिक १. नातवाला सांगितलेलं नाही. त्याने सांगू दिलं नाही. त्याला सापडेपर्यंत हे पान टाचणीने बंद करतो.

तो पहिल्यापासून क्रमाने चालला आहे. तिसावा उमेदवार आज झाला, ७६८१. त्या तिसांत मूळ चारच होते: २५७, ७६९, ३३२९, ७६८१. चारही बाद. “मोदक झाले की एकतीसपासून,” म्हणाला.